पांढरा कोट आणि आपला विश्वास

गेल्या वर्षी आईला पालिकेच्या रुग्णालयात नेले. सलवार-कमीजमधली एक तरुण मुलगी नाडी पाहू लागली, तशी आई म्हणाली, "बाई, मोठ्या डॉक्टरांना बोलवा." तीच डॉक्टर होती! छातीत दुखते हे आईने तिला सांगितलेच नाही. मागून कोट घालून आलेल्या शिकाऊ पोराला मात्र सगळे सांगितले. तो धावत तिच्याकडे गेला, तेव्हा कुठे कार्डिओग्राम निघाला. मी शरमलो.

आई काही एकटी नाही. अमेरिकेत १० रुग्णालयांतील ४,०६२ रुग्णांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांना डॉक्टरचा पोशाख महत्त्वाचा वाटला, पसंतीही कोटालाच. उलट इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत २००८ पासून लांब बाह्यांचा कोट बंद झाला. बाह्यांवर जंतू बसतात, हात नीट धुता येत नाहीत, म्हणून.

बंधू-भगिनींनो, कोट बाजारात कुणालाही मिळतो. वस्तीतल्या दवाखान्यात गेलात तर नोंदणी क्रमांक बघा. २००२ च्या नियमांनुसार ॲलोपॅथी डॉक्टरने तो दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लावलाच पाहिजे. दिसला नाही तर विचारा, लाजू नका.

आई आता त्या मुलीचा ओपीडीचा वार विचारून मगच घरातून निघते.