बाळाचे पाऊल वाकडे दिसले तर

नवजात बाळाच्या हातापायांत दिसणारे बरेचसे वाकडेपण गर्भाशयातल्या अडचणीच्या जागेमुळे आलेले असते. पाऊल वर नडगीला टेकलेले दिसते किंवा पंजा आत वळलेला असतो, पण बोटाने हलके ढकलले की सरळ होतो. असा पाय बहुधा आपोआप सुटतो. टाच वर ओढलेली, तळवा आत वळलेला आणि ढकलूनही पाऊल ताठच, तर तो क्लबफूट. साधारण हजार बाळांत एकाला तो असतो. मुलींपेक्षा मुलांत दुप्पट. ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हा बोल आईलाच ऐकावा लागतो. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही.

क्लबफूट मालिशनेही सुटत नाही. पॉन्सेटी पद्धतीत पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू होतात. दर आठवड्याला पाऊल थोडे थोडे वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. पाच-सहा प्लास्टरनंतर बहुतेक बाळांत टाचेमागची आखडलेली कंडरा, जागा बधिर करून, छेदावी लागते. शेवटचे प्लास्टर तीन आठवडे राहते. मग पट्टीला जोडलेले बूट: तीन महिने दिवसाचे 23 तास, पुढे चार वर्षांपर्यंत फक्त झोपेत.

घोडे अडते ते या बुटांपाशी. पहिले बाळंतपण माहेरी, समजा धुळ्यात किंवा जळगावात, आणि प्लास्टरही तिथेच. बूट चढतात तेव्हा आई सासरी, कदाचित सुरतेला, निघालेली असते. बाळ रडते, पाय तर सरळ दिसतो, आणि बूट माळ्यावर जातात. पाऊल पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच.

खुब्याचा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. पायाळू जन्मलेल्या बाळात, त्यातही मुलीत, खुबा सैल किंवा निखळलेला असण्याची शक्यता जास्त. पायाळूवर वीज पडते असे मानून त्याला जपणाऱ्या घरांनी त्याचा खुबा आधी दाखवावा. चार ते सहा आठवड्यांच्या वयात सोनोग्राफीत निदान होते आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू केले तर बहुधा पट्ट्यांवर भागते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधणे खुब्याला घातक. कडेवर फाकलेल्या पायांनी बसवणे चांगले.

बाकी काही तक्रारी सोप्या: प्रसूतीत मोडलेले गळपट्टीचे हाड दोन-तीन आठवड्यांत जुळते. आखडलेली मान बहुधा व्यायामाने सुटते. पण हलणारा हात किंवा पाय बाळाने अचानक हलवणे थांबवले, तर सांध्यात पू झाला असू शकतो. ताप नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट आणि खुब्याचा दोष दोन्ही येतात. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही धुळे-जळगावकरांना जवळची ठिकाणे. बाळंतपणानंतर आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येतात; त्यांच्यासमोर बाळाचे दुपटे सोडून दोन्ही पाय दाखवावेत.