भाड्याच्या घराचे अंगण कोणी राखायचे?

मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे हे गाव तळेगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ आहे. कारखाने आले, तशी कामासाठी दूरदूरची माणसे आली. गावकऱ्यांनी चार खोल्या बांधल्या आणि भाड्याने दिल्या. खोलीचे भाडे ठरले. पण अंगण कोणी झाडायचे, परसातले गवत कोणी काढायचे, हे बोलायचे राहूनच गेले.

पाऊस सुरू झाला की हा प्रश्न उभा राहतो. गवत गुडघ्याला लागते. मालक म्हणतो, "राहता तुम्ही, मग साफ पण तुम्हीच करा." भाडेकरू म्हणतो, "आम्ही भाडं मोजतो. हे काम मालकाचं."

दोघे भांडत बसतात आणि गवत वाढतच राहते. त्यात घोणस, फुरसे दडून बसते. फुटक्या डब्यात पाणी साचते. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास तयार होतो. तो मालक कोण नि भाडेकरू कोण हे पाहून चावत नाही!

मग काम वाटून कसे घ्यावे? आम्ही एक सोपी रीत सांगतो.

रोजचे काम राहणाऱ्याचे. अंगण झाडणे, केर उचलणे, गवत काढणे, मोरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा काढणे, आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासणे, ही कामे भाडेकरूने करावीत.

टिकाऊ काम मालकाचे. पडलेले कुंपण उभे करणे, फुटलेले गटार बांधणे, खचलेल्या जागी भराव घालणे, घरावर झुकलेली मोठी फांदी उतरवणे, ही कामे मालकाने करावीत. मात्र भाडेकरूच्या हातून मोडतोड झाली, तर ती त्यानेच भरून द्यावी.

चार खोल्यांना मिळून एकच अंगण असेल तर? मग बारभाईची खेती होते. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही! तिथे पाळी लावावी. नाहीतर मालकाने माणूस लावावा आणि त्याचा खर्च भाड्यात किती, हे आधीच सांगावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या राज्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा आहे. त्यात जागा म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. घराला लागून असलेली बाग आणि मोकळी जमीनही जागेतच धरली आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणे आणि तिची दुरुस्ती करणे मालकावर बंधनकारक आहे. मालक ती करीत नसेल, तर भाडेकरूने त्याला निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात ही रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त होता कामा नये. हा कायदा सगळ्याच गावांना सारखा लागू नाही. म्हणून भाडे कापण्याआधी जाणत्या वकिलाला विचारावे.

केंद्र सरकारने २०२१ साली भाड्याच्या घरांसाठी एक नमुना कायदा मंजूर केला. राज्याने तो स्वीकारला, तरच तिथे लागू होतो. त्यातही हीच वाटणी आहे. भाडेकरू वापरतो ती बाग आणि मोकळी जागा त्याने राखावी. घराच्या बांधणीची दुरुस्ती मालकाने करावी.

झाडांचेही आधीच बोलून घ्यावे. मालकाचा आंबा किंवा शेवगा भाडेकरूने परस्पर तोडू नये. शेंगा कोणी घ्यायच्या, हेसुद्धा ठरवावे. शेंगा चार, पण भांडण वर्षभराचे!

तोंडचा शब्द विरून जातो, लिहिलेला राहतो. १९९९ च्या कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्या करारात अंगणासाठी चार ओळी घालाव्यात:

१. अंगण आणि परस रोज भाडेकरू साफ ठेवील.
२. कुंपण, गटार आणि मोठी झाडे मालक पाहील.
३. घर देताना अंगण कसे होते, ते इथे लिहिले आहे.
४. घर सोडताना ते तसेच परत द्यावे. वापराने होणारी साधी झीज धरू नये.

तिसरी ओळ फार महत्त्वाची. घर सोडताना मालक म्हणतो, "कुंपण तुम्ही मोडलं," आणि अनामत रक्कम कापतो. कुंपण आधीच मोडके होते हे कागदावर असेल, तर कष्टाचा पैसा वाचतो. मालकाचेही भले होते. धड दिलेले कुंपण धड परत मागता येते.

आता आपल्याला वाचता येते. तेव्हा कुणी कागद पुढे केला, की लगेच अंगठा किंवा सही करू नये. आधी सगळा कागद वाचावा. अंगणाची ओळ शोधावी. ती नसेल, तर म्हणावे, "एवढं लिहा, मग सही करतो."