पोलीस होण्याआधी कायद्याची शाळा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आपल्या गावागावांतली पोरं, आता पोरीसुद्धा, पहाटे डांबरी सडकेवर पळायला लागतात. बारावी झालेली असते. मैदानी आणि लेखी पार पडली की ट्रेनिंग, आणि कायद्याचे पुस्तक खऱ्या अर्थाने हातात पडते ते तिथे. अमेरिकेत कायदा आधी आणि वर्दी नंतर अशीही एक वाट आहे. परदेशी शिक्षणाची चौकशी करणारी घरे आपल्या भागात वाढली आहेत, म्हणून तिची माहिती देत आहोत.

त्या वाटेचे नाव कम्युनिटी कॉलेज. असे पहिले सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली निघाले, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. शिकागोजवळचा हा मुलूख मका-सोयाबीनचा. पोरांना घर सोडून लांब न जाता शिकता यावे एवढाच हेतू. इलिनॉयात या कॉलेजांचे विश्वस्त भागातले मतदार निवडून देतात आणि खर्चाचा काही वाटा घर-जमिनीवरच्या करातून येतो. ऊसबिलातल्या कपातीवर शाळा-कॉलेजे उभी करणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको!

या कॉलेजांत क्रिमिनल जस्टिस, म्हणजे फौजदारी न्यायव्यवस्था, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. गुन्हेविषयक कायदा, पोलिसांचे काम, कोर्ट, तुरुंग, बालगुन्हेगारी हे विषय, आणि अहवाल लिहिणे. बऱ्याच ठिकाणी वर्ग संध्याकाळीही भरतात, म्हणून दिवसा नोकरी करणाराही शिकतो. पोलिसाला कॉलेजचे शिक्षण हवे असे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आयोगाने १९६७ साली सुचवले. १९६८ च्या कायद्याने त्यासाठी कर्ज मिळू लागले, आणि पोलीस सेवेच्या दर वर्षाला चौथा हिस्सा माफ. पुढे ती योजना बंद पडली, पण अभ्यासक्रम टिकले.

वर्गात हमखास शिकवला जाणारा एक खटला सांगण्यासारखा आहे. फ्लोरिडात १९६१ साली गिडियन नावाच्या गरीब माणसावर बिलियर्डच्या अड्ड्यात घरफोडी केल्याचा आरोप आला. त्याने कोर्टाकडे वकील मागितला, मिळाला नाही. स्वतःच बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने सर्वोच्च न्यायालयाला पेन्सिलीने अर्ज लिहिला. गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे, असा निकाल १९६३ साली एकमताने लागला. खटला पुन्हा चालला. या वेळी वकिलाने फिर्यादी पक्षाचा मुख्य साक्षीदार उलटतपासणीत हलवला आणि गिडियन निर्दोष सुटला. माणूस तोच, आरोप तोच. फरक फक्त वकिलाचा. उद्या कुणाला बेड्या घालणाऱ्या पोराने हे आधी वाचलेले बरे, असे आम्हाला वाटते.

(आपल्याकडेही १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अटकेत असलेला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. बांधाच्या भांडणापायी वकिलाची फी भरून बेजार झालेल्या कितीतरी घरांना हे ठाऊकच नसते.)

आता दुसरी बाजू. ही पदवी घेतली म्हणजे पोलिसाची नोकरी ठरलेली, असे नाही. पोलीस अकादमीचे ट्रेनिंग बहुधा वेगळे करावे लागते. तिथल्या पुष्कळ खात्यांना हायस्कूल झालेला उमेदवारही चालतो. न्यूयॉर्क शहराच्या पोलीस खात्याने तर २०२५ साली कॉलेजची अट ६० क्रेडिटवरून २४ वर आणली, कारण उमेदवार मिळेनात. अडचण समजते, पण शिक्षण कमी करून माणसे गोळा करणे आम्हाला पटत नाही.

आपल्या मुलांसाठी मुद्दा आणखी रोकडा आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी पोलीस व्हायला नागरिकत्व लागते. शिकायला गेलेल्या परदेशी पोराला ही पदवी मिळेल, वर्दी मिळणार नाही. कॉलेजची स्वस्त फीसुद्धा त्या भागातल्या रहिवाशांसाठी असते, परदेशी विद्यार्थ्याला दर वेगळा आणि बराच चढा. एजंट हे आपणहून सांगेलच असे नाही. तेव्हा जमिनीवर बोजा चढवण्याआधी परदेशी विद्यार्थ्याची फी किती आणि शिकल्यावर नोकरी कोणती, हे दोन प्रश्न थेट कॉलेजला विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे.