मूकपटांचा ठेवा : हरवला कसा, सापडला कोठे

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथील ग्राँ कॅफेच्या तळघरात ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून हलत्या चित्रांचा खेळ केला. त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तोच चमत्कार आपल्याकडील प्रेक्षकांनी पाहिला. तेव्हापासून १९२७ च्या सुमारास बोलपट अवतरेपर्यंतच्या तीन दशकांत जगभर हजारो मूकपट व वार्तापट निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभीचा माणूस कसा चालत होता, कसा हसत होता, कारखान्यातून कसा बाहेर पडत होता, हे प्रत्यक्ष दाखविणारे साधन त्यापूर्वीच्या कोणत्याही काळाला लाभले नव्हते. दुर्दैवाने या साधनाचा मोठा भाग आज नष्ट झाला आहे. तो का नष्ट झाला आणि जो उरला तो कोठे उरला, याचा विचार केवळ चित्रपटरसिकांनीच नव्हे, तर गावोगावच्या जाणत्या मंडळींनीही करण्याजोगा आहे.

भाषेच्या सीमा नसलेले माध्यम

मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. प्रसंगांच्या मध्ये दाखविल्या जाणाऱ्या मजकुराच्या पाट्या बदलल्या, की फ्रान्समधील चित्रपट मुंबईत आणि अमेरिकेतील चित्रपट नॉर्वेत चालू शकत असे. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधील पाट्या इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत होत्या.

कथापटांच्या बरोबरीने वार्तापटही वाढले. फ्रान्समधील पाथे कंपनीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस नियमित वार्तापट सुरू केला आणि लवकरच त्याचे अनुकरण अन्य देशांत झाले. सोव्हिएत रशियात झिगा व्हर्तोव्ह यांनी १९२२ ते १९२५ या काळात 'किनो-प्राव्दा' या वार्तापटाचे २३ अंक काढले. आपल्याकडे सावेदादा उर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे विलायतेहून परतले, तेव्हाचा स्वागतसोहळाही टिपला. हे चित्रण भारतीय वार्तापटाचा आरंभ मानले जाते.

वार्तापट हा इतिहासाचा पुरावा असला, तरी तो पारखूनच घ्यावा लागतो. १९१६ साली ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेला 'द बॅटल ऑफ द सोम' हा युद्धपट पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी लोकांनी पाहिल्याचे सांगितले जाते. त्यातील बहुतेक दृश्ये खरी आहेत. परंतु सैनिक खंदकातून बाहेर पडून चढाई करतात ते गाजलेले दृश्य आघाडीमागे मुद्दाम घडवून टिपलेले होते. जुनी चित्रे वर्गात दाखविताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांना असा विवेक अवश्य शिकवावा. तसेच त्या चित्रांतील माणसे तुरुतुरु धावताना दिसतात, याचे कारणही सांगावे. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत व सेकंदाला साधारणपणे १६ ते २० चित्रे घेत. तीच फीत पुढे बोलपटाच्या, म्हणजे सेकंदाला २४ चित्रांच्या, वेगाने दाखविली गेल्यामुळे हालचाली हास्यास्पद वाटू लागल्या. तो दोष मूळ चित्रणाचा नव्हे.

नाशाची कारणे

त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ स्फोटकात वापरल्या जाणाऱ्या गन-कॉटनचा सख्खा भाऊच होय. तो एकदा पेटला, की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवितो. त्यामुळे पाण्यानेही आग सहजी विझत नाही. आग लागली नाही, तरी उष्ण व दमट हवेत फीत पिवळी पडते, चिकट होते व शेवटी तिची तपकिरी भुकटी उरते.

निसर्गाहून माणसाची उपेक्षा अधिक घातक ठरली. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. फितीतील चांदी काढून घेण्यासाठी असंख्य प्रती वितळविण्यात आल्या. फ्रान्सचे थोर चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांनी तर १९२३ मध्ये निराशेच्या भरात आपल्या हातानेच मूळ फिती जाळल्या. अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात निघालेल्या सुमारे ११ हजार मोठ्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत, असे तेथील काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकी पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात शंभरात जेमतेम दोन-तीन उरले असतील.

वाटेच्या शेवटी उरलेल्या प्रती

जे उरले, त्यातील बरेच राजधान्यांत किंवा चित्रनगरींत उरले नाही, ही विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. चित्रपटाची प्रत मोठ्या शहरातून लहान शहरात, तेथून आडगावी अशी फिरत असे. शेवटच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत ती जुनी होई आणि ती परत मागविण्याचा खर्च वितरकाला परवडत नसे.

कॅनडातील युकॉन प्रदेशातले डॉसन सिटी हे असेच एक शेवटचे ठाणे. तेथे साठलेली रिळे १९२९ च्या सुमारास एका जुन्या पोहण्याच्या तलावात भर म्हणून टाकण्यात आली. १९७८ मध्ये खोदकाम चालू असता ती वर आली. कायम गोठलेल्या जमिनीने ५३३ रिळे जपून ठेवली होती. कार्ल ड्रायर यांच्या १९२८ सालच्या जोन ऑफ आर्कवरील चित्रपटाची मूळ फीत आगीत गेली होती. त्याची उत्तम प्रत १९८१ मध्ये नॉर्वेतील ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात मिळाली. फ्रिट्झ लांग यांच्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन चित्रपटाचे हरवलेले प्रसंग २००८ मध्ये अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स येथे सापडले.

इंग्लंडमधील ब्लॅकबर्न गावची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. तेथील मिचेल व केन्यन ही जोडी विसाव्या शतकाच्या आरंभी गिरणीतून सुटणारे कामगार, फुटबॉलचे सामने, गर्दीचे रस्ते टिपून त्याच लोकांना जत्रेत दाखवीत असे. १९९४ मध्ये एका दुकानाच्या तळघरात पिंपांमध्ये त्यांच्या सुमारे ८०० फिती मिळाल्या. आज त्या ब्रिटिश श्रमिक जीवनाचा अमोल दस्तऐवज ठरल्या आहेत.

आपली जबाबदारी

महाराष्ट्र ही भारतीय मूकपटाची जन्मभूमी. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच आज उपलब्ध आहेत. तीही १९१३ ची, की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. १९६४ मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून अनेक दुर्मिळ प्रती मिळविल्या. २०२२ पासून या संग्रहालयाचे कार्य राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अंतर्गत चालते. तथापि तोपर्यंत फार उशीर झालेला होता. आणि २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फितींच्या कोठाराला लागलेल्या आगीने हानीत भर घातली.

युनेस्कोने २७ ऑक्टोबर १९८० रोजी चलच्चित्रांच्या जतनासंबंधी शिफारस स्वीकारली. त्या तारखेस आज जागतिक दृक्श्राव्य वारसा दिन पाळला जातो. परंतु असे ठराव प्रत्यक्षात उतरतात ते स्थानिक माणसांच्या दक्षतेमुळे. तालुक्याच्या गावातील बंद पडलेले चित्रपटगृह, फिरत्या तंबूचालकाचे जुने घर, संस्थानिकांचा वाडा, शाळेची वा ग्रंथालयाची अडगळ, येथे रिळांचे डबे निघण्याचा संभव असतो. असे डबे निघाल्यास ते भंगारात देऊ नयेत. उन्हात वा बंद खोलीत ठेवू नयेत, जवळ विडी-काडी पेटवू नये आणि फीत यंत्रावर चढवून पाहण्याचा मोह टाळावा. डब्यावरील मजकूर उतरून घ्यावा, ते सावलीत, हवेशीर व थंड जागी वेगळे ठेवावेत आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे. फितीच्या काठावर 'सेफ्टी' हा इंग्रजी शब्द आढळला, तर धोका पुष्कळ कमी. तरीही तज्ज्ञांनी पाहीपर्यंत काळजी तीच घ्यावी.

गावचे दप्तर, ताम्रपट, मोडी कागद जपावेत हे आता सर्वांना पटले आहे. गंजलेल्या डब्यातील फीतही त्याच मोलाचे दप्तर आहे, एवढे ध्यानी घेतले, तर हरवलेल्यांपैकी एखादे पान अजूनही हाती लागू शकेल.