कुरुंदवाडचे वजन

२०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची तीन कांस्यपदके एकट्या कुरुंदवाडात आली. गणेश माळी (५६ किलो गट), ओंकार ओतारी (६९ किलो) आणि चंद्रकांत माळी (९४ किलो) हे त्यांचे मानकरी. शिरोळ तालुक्यातले, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे नगरपालिकेचे छोटे गाव बाहेरच्यांना बहुधा नरसोबावाडीच्या शेजारचे म्हणूनच ठाऊक असते. तिघेही प्रदीप पाटील यांच्या हर्क्युलस जिममध्ये तयार झाले. आज गल्लोगल्ली जिम निघत आहेत आणि प्रोटीनचे डबे किराणा दुकानाच्या फळीवर आले आहेत. अशा वेळी या गावाकडे पाहिले, की ताकद कमावणे म्हणजे नेमके काय, हे नीट कळते.

चंद्रकांत माळी यांनी क्लीन अँड जर्कमध्ये १८८ किलो पेलले. साखर कारखान्याच्या मापात सांगायचे तर पावणेचार पोती. हे वजन नुसत्या दंडाच्या जोरावर वर जात नाही. स्नॅच या दुसऱ्या प्रकारात तर दांडी जमिनीवरून थेट डोक्यावर न्यावी लागते. लिफ्टर अंगठा दांडीला लपेटून त्यावर बोटे आवळतो. पाठ ताठ ठेवून तो आधी पायांनी जमीन रेटतो, त्यामुळे दांडी नडगीजवळून सरळ वर सरकते. ती मांडीच्या वरच्या भागाशी आली, की कंबर, गुडघे आणि घोटे एकदम सरळ होतात आणि दांडीला झटका बसतो. त्या क्षणी वजन आणखी वर ओढत बसायचे नसते, तर स्वतःच झटकन त्याच्या खाली बसायचे असते. पूर्ण बैठकीत, ताठ हातांवर दांडी तोलून मग उभे राहायचे. सगळा खेळ काही सेकंदांचा, पण तो अंगात मुरायला वर्षे जातात. म्हणून नवशिक्याच्या हाती आधी काठी किंवा मोकळी दांडीच देतात. पुरुषांची मोकळी दांडीसुद्धा २० किलोची असते.

यातच एक शरीरशास्त्र आहे. व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंड फारसा फुगत नाही. आधी सुधारतो तो मेंदू आणि स्नायूंमधला संवाद: जास्त स्नायुतंतू एकाच वेळी कामाला लागतात. स्नायूंचा आकार नंतर, सावकाश वाढतो. महिनाभर आरशात पाहून काहीच दिसत नाही म्हणून जिम सोडणारा माणूस नेमक्या चुकीच्या वेळी सोडतो.

हे फक्त खेळाडूंपुरते नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या शरीराचे एक वैशिष्ट्य जगापुढे मांडले: दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय २२.३, म्हणजे सारखाच, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात, त्यामुळे स्नायू कमी असले की मधुमेहाला वाट मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनाही चालण्यासारख्या व्यायामाबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. आपल्याकडे सकाळचा फेरफटका अंगवळणी पडला आहे, हे दोन दिवस मात्र अजून पडलेले नाहीत.

आता खुराक. कोल्हापूरकडे हा शब्द तालमीतून आला: दूध, तूप, बदामाची थंडाई. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे दूध पिण्याची हौस प्रसिद्धच आहे (दूध उकळून प्यावे, हा डॉक्टरांचा सल्ला तिथेही लागू पडतो). राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने साधारण प्रकृतीच्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ७० किलोच्या माणसाला म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात १८ ते २० ग्रॅम, मूठभर (५० ग्रॅम) शेंगदाण्यांत १२, दोन अंड्यांत १२, दोन वाट्या उसळीत १४ आणि २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांत २० ग्रॅम मिळतात. बेरीज पंचाहत्तरच्या पुढे जाते. कसून सराव करणाऱ्या खेळाडूला दर किलोमागे १.४ ते २ ग्रॅम लागतात. त्याला डब्यातल्या व्हे प्रोटीनची सोय होऊ शकते. व्हे म्हणजे तरी काय, चीज करताना उरणाऱ्या निवळीतली प्रथिने वाळवून केलेली पूड. ती विष नाही आणि संजीवनीही नाही. पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र सामान्य लोकांना अशी पूड टाळायला सांगितले आहे.

खरा धोका पुडीचा नाही, सुईचा आहे. जिमच्या आडोशाने विकले जाणारे मेफेन्टरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठीचे औषध आहे. त्याने स्नायू वाढत नाहीत. वाढतात ते हृदयाचे ठोके आणि रक्तदाब, आणि त्या तरतरीलाच पोरे ताकद समजतात. स्टेरॉइडने दंड फुगतो खरा, पण शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते आणि हृदय व यकृत त्याची किंमत मोजतात.

वेटलिफ्टिंग सगळ्यांनी करावे असे नाही. जोर, बैठका, पाण्याने भरलेल्या बाटल्या किंवा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, एवढ्यावरही आठवड्यातले ते दोन दिवस भरतात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये, आणि सुरुवात करण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारावे.