पहिल्या मणक्याने दिलेले दान

होकार देताना आपण मान वर-खाली करतो, नकार देताना ती डावी-उजवीकडे फिरवतो. पहिली हालचाल मुख्यत्वे कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यातील सांध्यात होते, तर दुसरी पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमध्ये. या सांध्यांच्या घडणीची सुरुवात मात्र गर्भाच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीसच होते.

या सुमारास भावी मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना पेशींचे छोटे खंड जोडीजोडीने तयार होऊ लागतात. शास्त्रज्ञ त्यांना 'सोमाइट' म्हणतात. एका खंडाचा खालचा अर्धा आणि त्याखालील खंडाचा वरचा अर्धा भाग एकत्र येऊन मणका आकाराला येतो. सर्वांत वरचे चार खंड मात्र एकमेकांत मिसळून कवटीच्या तळाचा मागील भाग घडवतात. म्हणजेच कवटीचा हा भाग मुळात मणक्यांच्याच कुळातला. कोणत्या खंडाचे काय व्हायचे, हे ठरविण्यात 'हॉक्स' जनुकांचा मोठा वाटा असतो.

खरी गंमत पुढेच आहे. इतर मणक्यांना पुढच्या बाजूस भरीव गाभा असतो. पहिल्या मणक्याला, म्हणजे 'अ‍ॅटलास'ला, तो नसतो. त्याचा गाभा गर्भावस्थेतच दुसऱ्या मणक्याला जाऊन मिळतो आणि दातासारखा सुळका बनतो. अ‍ॅटलासचे उरलेले कडे या सुळक्याभोवती फिरते, म्हणूनच मान वळते.

जन्मानंतरही हे काम अपुरेच असते. सुळका दुसऱ्या मणक्याशी हाडाने जोडला जातो तो साधारण ३ ते ६ वर्षांच्या वयात. त्यामुळे लहान मुलाच्या एक्स-रेमध्ये तेथे दिसणारी फट म्हणजे प्रत्येक वेळी मोडलेले हाड नव्हे.

या घडणीत बिघाड झाल्यास अ‍ॅटलास कवटीला चिकटलेला राहतो, सुळका सुटा राहतो किंवा कवटीच्या छिद्रात वर सरकतो. अनेकांना याचा कधीच त्रास होत नाही. पण मज्जारज्जूवर दाब आला, तर हातापायांत बधिरता येते, चालताना तोल जातो. ही लक्षणे कित्येकदा तारुण्यात किंवा किरकोळ अपघातानंतर प्रथम उमटतात. अशा वेळी मालिश करून घेणे वा मान मोडून घेणे जिवावर बेतू शकते. आधी तज्ज्ञांकडून तपासणी हवी.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी सहकाऱ्यासह १९९४ मध्ये हे दोन मणके पट्टी व स्क्रूने स्थिर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिची सुधारित रूपे आज जगभर वापरली जातात. या शस्त्रक्रियेनंतर मान पूर्वीइतकी फिरत नाही. पण मज्जारज्जू वाचविण्यासाठी ती किंमत मोजावी लागते.