साहाय्यकारी नेतृत्व
साहाय्यकारी नेतृत्व : कामात अपयश आलेल्या सहकाऱ्यास दूषण न देता त्याची अडचण शोधून दूर करणारी नेतृत्वपद्धती. रॉबर्ट हाउस यांच्या मार्ग-ध्येय सिद्धांतात (१९७१) हिचा अंतर्भाव असून काम ताणाचे असता ती विशेष उपयुक्त मानली जाते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटाहून सोडलेला एसएलव्ही-३ हा अग्निबाण झडपेतील दोषामुळे बंगालच्या उपसागरात कोसळला. भारतीय अवकाश संशोधन संघटनेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी वार्ताहरांपुढे अपयशाची जबाबदारी स्वतः स्वीकारली. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांच्यावरील विश्वास मात्र ढळू दिला नाही. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचल्यावर वार्ताहरांना सामोरे जाण्याचा मान त्यांनी कलामांना दिला. अपयशाच्या कारणांचे परीक्षण ही पद्धती टाळत नाही. व्यक्तीस निर्भय ठेवल्याने ते अधिक प्रामाणिकपणे होऊ शकते.